तिसरा ‘खट्’

“हॅलो?… हां, बोल, बोल… नाही, आधी माझं ऐक. आज मला एक गोष्ट कळलीय आणि ती तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही. माणूस जन्मभर यंत्रांच्या जिवावर जगतो, पण यंत्राचा खरा मालक तो कधी होतो? पावती मिळते तेव्हा नाही. किल्ली हातात पडते तेव्हाही नाही. ज्या दिवशी तो त्या यंत्राचं पोट आपल्या हातांनी उघडतो आणि आपल्याच हातांनी बंद करतो, त्या दिवशी तो… काय?… फोन लवकर का नाही उचलला? अगं, हात तेलाने बरबटलेत… मग काय करणार, नाकाने उचलला… हो, नाकाने. दोनदा घसरलं, तिसऱ्यांदा लागला.”

हे विचार मांडताना सूचनाकाका उताणे झोपलेले होते. छातीवर फोन, फोनच्या वर दीड वीत मोकळी हवा आणि त्या हवेच्या वर अख्खी मोटार. घराला लागून असलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये मोटार चार लोखंडी स्टँडवर चढवलेली होती, तिचा गिअरबॉक्स भाड्याने आणलेल्या एका बुटक्या जॅकवर डुलत होता, आणि शेडच्या दारातून बाहेर डोकावत होते ते फक्त काकांचे पाय, नडगीपासून खाली.

काकांचं खरं नाव पेन्शनच्या कागदांवर आहे. गल्लीत त्यांना सगळे सूचनाकाकाच म्हणतात. तीस वर्षं त्यांनी एका कारखान्यात माहितीपुस्तिका लिहिल्या. कपडे धुण्याच्या यंत्राच्या, इस्त्रीच्या, पंख्याच्या, पाणी तापवायच्या टाकीच्या. या तीस वर्षांत त्यांच्या लेखणीतून सर्वांत जास्त वेळा उतरलेलं वाक्य होतं, ‘दुरुस्तीचे काम कुशल तंत्रज्ञाकडूनच करून घ्यावे.’ ते कायम चौकटीत असे. काकांनी स्वतः मात्र ते कधी मनावर घेतलं नाही. चौकटीतला मजकूर ग्राहकासाठी नसतो, तो कंपनीच्या वकिलासाठी असतो, हे त्यांना कारखान्यात सर्वांच्या आधी कळलं होतं. कारण तो वकील त्यांच्याच टेबलापाशी येऊन बसत असे.

“तेल कसलं म्हणजे? गिअरबॉक्सचं. लालभडक असतं… अगं, रक्त नाही, तेलच आहे. रक्ताला असा वास येत नाही… हो. म्हणजे, गाडी इथेच आहे. शेडमध्ये… हो, तू डॉक्टरकडे सोडायला सांगितली होतीस, मान्य… खोटं कुठे बोललो? काल तू विचारलंस गाडी कुठे आहे, मी म्हटलं चांगल्या हातांत आहे. हात माझे आहेत. वाक्यात चूक दाखव… बरं, नको दाखवूस.”

डॉक्टर म्हणजे समोरच्या रस्त्यावरचा गॅरेजवाला. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे आणि आजार सांगायचा, अशी त्याची पद्धत. म्हणून डॉक्टर. काकांच्या घरची मोटार गेले तीन महिने चाळीसच्या वेगाला आली की थंडी वाजल्यासारखी थरथरत होती. डॉक्टरने कान लावला आणि म्हणाला, टॉर्क कन्व्हर्टर गेला. हा चपट्या भोपळ्याएवढा लोखंडी डबा असतो, आत तेल भरलेला, इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मधोमध बसवलेला. ऑटोमॅटिक गाडीत क्लच नसतो, त्याचं काम हा डबा करतो. डबा मिळतो बाजारात. पण तो बदलायचा तर अख्खा गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो आणि मजुरी पडते ती त्याची. डॉक्टरने मजुरीचा आकडा एका कागदावर लिहिला आणि कागद पालथा करून टेबलावरून सरकवला. काकांनी तो उलटून पाहिला, ‘विचार करतो’ म्हणाले आणि खिशात घातला. रस्ता ओलांडेपर्यंत विचार झालेला होता.

“नाही, नाही, चिकटपणाचा प्रश्नच नाही. तत्त्वाचा आहे. ऐक तर. डब्याचे पैसे द्यायचेच होते, ते दिले. उरली मजुरी. मजुरी कशाची? खोलायचं आणि परत लावायचं. डॉक्टर दोन दिवस म्हणाला होता, मलाही दोनच… शुक्रवारीच सुरू केलं. तुझी टॅक्सी कोपऱ्यावर वळली आणि मी जॅक लावला… घाईत कुठे होतो? घड्याळ बघत होतो ते तुझी गाडी चुकू नये म्हणून… जॅक भाड्याचा, पाने वरच्या मजल्यावरच्या प्लंबरचे, पुस्तक वाचनालयाचं. माझं स्वतःचं असं फक्त डोकं लागलंय… हसू नकोस. हसतेयस तू. फोनवर कळतं ते.”

काकांनी मान वळवली. डाव्या कानाखाली काहीतरी गार आणि ओलं होतं, ते काय असावं याचा विचार त्यांनी सोडून दिला. पाठ दुखत होती. डाव्या हाताला जॅक, उजव्या हाताला पाना, आणि पान्यापलीकडे एका जुन्या ताटलीत उरलेले चार बोल्ट. आणखी पंधरा मिनिटं, अर्धा तास म्हणा, आणि काम संपणार होतं. ताईंकडे, म्हणजे थोरल्या बहिणीकडे, गेलेली बायको रात्रीच्या जेवणापर्यंत येणार, तेव्हा गाडी फाटकासमोर उभी असणार, धुतलेली. आपण ओट्यावर पेपर वाचत बसलेलो असणार. काहीच बोलायचं नाही, किल्ली नुसती पुढे करायची, असं त्यांनी दोन दिवसांत बऱ्याच वेळा मनात घोळवलं होतं. पण माणसाच्या पोटात आनंद फार वेळ राहत नाही, तो फोन वाजल्यावर बाहेर पडतो.

“हो, आजींची परीक्षा लक्षात आहे माझ्या. विसरेन कसा? उद्या सकाळी नऊला… हो, तिसरी वेळ… हो गं, या वेळी नापास झाल्या तर सहा महिने अर्ज करता येत नाही, हे तू मला आठवड्यात चारदा सांगितलंयस… दुसरी गाडी कुठून मिळणार, मला माहीत आहे ना. ऑटोमॅटिक पाहिजे आणि तुझ्या बाजूलाही ब्रेक पाहिजे. म्हणून तर म्हणतो, काळजी करू नकोस.”

काकांची बायको मोटार चालवायला शिकवते. ही मोटार म्हणजे तिचा वर्ग, फळा आणि टेबल. आजी ही तिची सर्वांत वयस्कर विद्यार्थिनी, वय अडुसष्ट. डावा गुडघा वाकत नाही, त्यामुळे क्लचची गाडी चालत नाही. आजोबांची नजर गेल्या वर्षी पार गेली, आठवड्यातून दोनदा त्यांना अकरा किलोमीटरवरच्या दवाखान्यात न्यावं लागतं आणि नेणारं दुसरं कुणी नाही. म्हणून आजी शिकतायत. पहिल्या परीक्षेत हिरवा दिवा लागूनही त्या थांबल्या, कारण बाजूच्या गाडीतला माणूस घाईत दिसत होता. दुसऱ्या परीक्षेत त्यांनी परीक्षकालाच पट्टा नीट बांधायला लावला, आणि त्याने बांधेपर्यंत गाडी हलवली नाही. तो बांधायला तयार नव्हता.

“किती राहिलंय? काही राहिलं नाही. नवा डबा गिअरबॉक्समध्ये बसवला, गिअरबॉक्स जॅकने वर चढवला, इंजिनाला टेकवला… म्हणजे टेकल्यासारखाच आहे. बोटभर फट आहे अजून… बोटभर म्हणजे माझं बोट, तुझं नाही. ती बोल्ट आवळले की मिटते… फट का आहे? हा काय प्रश्न झाला? फट असते. दोन मोठ्या वस्तू एकमेकांजवळ आणल्या की मध्ये फट असते, ती मिटवायलाच तर बोल्ट दिलेले असतात… तू आज अगदी डॉक्टरसारखे प्रश्न विचारतेयस… नाही, माझा आवाज चढलेला नाही. पत्र्याची शेड आहे, घुमतो.”

बाहेर कुठेतरी कुत्रा भुंकायला लागला. काका क्षणभर ऐकत राहिले.

“तुझ्याकडेही कुत्रा भुंकतोय का?… इथेही. अगदी एकाच वेळी. ताईंनी कुत्रा कधी घेतला?… बरं, शेजाऱ्यांचा असेल. जगात कुत्रे फार झालेत… काय? खट्? कसले खट्?… हां, डबा आत बसवताना. हो, येतो ना आवाज. डबा दांड्यावर सरकवायचा, फिरवत फिरवत आत ढकलायचा, की आतली एकेक खाच लागते आणि खट् होतं. मला माहीत आहे. एकदा झाला खट्. मग फिरवला, परत झाला खट्… दोन. मोजले ना मी… तीन? तीन कशाला? दोन झाले की बस्स… कोण म्हणतं तीन?… अगं, तुला हे कुणी सांगितलं? तू गाडी चालवायला शिकवतेस, खोलायला नाही… बरं, बरं, तीस वर्षं गॅरेजमध्ये जातेयस, कानावर पडत असेल. तरी तीन म्हणजे… दोनच झाले.”

काकांनी वर पाहिलं. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधली ती फट मघापर्यंत त्यांना अगदी साधी वाटत होती. आता ती आपल्याकडे बघतेय असं वाटायला लागलं.

“पुस्तक? आहे ना, इथेच. पोटावर आहे… वाचलंय सगळं. पहिल्यापासून शेवटपर्यंत. मागच्या पानावरचा छपाईचा पत्तासुद्धा… चौकटी? चौकटी नाही वाचल्या… अगं, कारण मी त्या लिहिल्यात. तीस वर्षं. इस्त्री पाण्यात बुडवू नये. धुण्याच्या यंत्रात पाळीव प्राणी घालू नयेत. पंखा चालू असताना त्यात बोट घालू नये. ज्याला हे सांगावं लागतं तो पुस्तिका वाचत नाही, आणि जो पुस्तिका वाचतो त्याला हे सांगावं लागत नाही. चौकट म्हणजे वकिलाची जागा… आत्ता? आत्ता कशी वाचू, हात… बरं. बरं, वाचतो. थांब. चष्मा कपाळावर आहे, तो आधी खाली… जॅकच्या दांड्यात अडकला. थांब.”

बराच वेळ नुसता कागद चुरगळल्याचा आवाज होत राहिला. मग काकांनी घसा साफ केला. जाहीर वाचनाची वेळ आली की त्यांचा आवाज आपोआप अर्धा सूर खाली येत असे.

“‘सूचना. कन्व्हर्टर फिरवत फिरवत पूर्ण आत बसवावा. बसताना तीन वेळा…’ हं. ‘तीन वेळा खट् असा आवाज येईल. तिसऱ्या आवाजानंतरच पुढील काम करावे. गिअरबॉक्स इंजिनाला केवळ हाताच्या जोराने पूर्ण टेकला पाहिजे. फट राहिल्यास बोल्ट आवळून ती मिटवू नये. तसे केल्यास गिअरबॉक्समधील पंप फुटतो आणि…’ पुढे तेलाचा डाग पडलाय. पुसतो… पसरला… ‘आणि गिअरबॉक्स निकामी होतो.’”

पुस्तक काकांनी हळूच परत पोटावर पालथं घातलं.

“आहेस का तू?… ऐकलंस?… हं… वाक्यरचना चांगली आहे. ‘निकामी होतो’च्या आधी मी ‘कायमचा’ घातलं असतं… नाही, मी विषय बदलत नाहीये… चार. चार बोल्ट लावले… लावले म्हणजे दोन नुसते अडकवलेत. दोन आवळले… किती म्हणजे? थोडे… माझ्या ताकदीने थोडे… आता तुझ्या ताकदीने किती ते मला कसं कळणार, बरणीची झाकणं तू उघडतेस आपल्या घरात… साधारण चार-पाच वेढे. पाना अडखळायला लागला तेव्हा थांबलो. मग म्हटलं, जरा दम घेऊ आणि जोर लावू. तेवढ्यात तुझा फोन आला… हो. तेवढ्यातच.”

फोन दोन मिनिटं उशिरा वाजला असता, किंवा नाक पहिल्यांदाच नीट लागून बोलणं लवकर आटोपलं असतं, तर काय, हा हिशोब काकांच्या डोक्यात आपोआप सुरू झाला आणि त्यांनी तो तसाच सोडला. पंप आधीच फुटलेला असेल तर? तो आत असतो, दिसत नाही. उद्या नऊला आजी चांगली साडी नेसून, पर्समध्ये दोन चष्मे घेऊन फाटकाशी उभ्या राहतील. परीक्षेच्या दिवशी त्या अर्धा तास आधी येतात.

“नको. डॉक्टरला नको बोलावूस… नको म्हणतो ना. तो येईल, स्क्रूड्रायव्हर कानाला लावेल आणि काहीच बोलणार नाही. त्याच्या न बोलण्याचे तो वेगळे पैसे घेत नाही, तेच वाईट आहे… अगं, का म्हणजे काय? का, का, का… ऐक. तू सकाळी सातला बाहेर पडतेस. संध्याकाळी येतेस तेव्हा तुझा उजवा पाय सुजलेला असतो, दिवसभर दुसऱ्यांचे ब्रेक दाबून दाबून. आणि मी? मी औषधाच्या बाटल्यांवरच्या शुद्धलेखनाच्या चुका काढतो आणि कंपनीला पत्र लिहितो. मागच्या महिन्यात तुझ्याकडे शिकणाऱ्या त्या कॉलेजवाल्या मुलीने विचारलं, काका काय करतात? तू म्हणालीस, ‘वाचतात’… म्हणालीस. मी आत होतो, पाणी पीत होतो… वाईट असं नाही वाटलं. खरंच आहे ते. वाचतो मी. पण मला वाटलं, ती गाडी चाळीसला थरथरते तेव्हा तू स्टिअरिंगवर हात ठेवून मुलांना सांगतेस, ‘घाबरू नका, ही अशीच आहे.’ तर ती अशीच नसावी. आणि ती माझ्या हातून अशी नसावी… जाऊ दे. पाठ दुखायला लागली की माणूस असं बोलतो.”

पलीकडून काहीतरी बोलणं झालं. काका ऐकत राहिले, आणि ऐकता ऐकता त्यांचा उजवा हात आपोआप पान्याकडे सरकला.

“…हो… हो, चारही ढिले करतो. एकदम नाही, थोडे थोडे, आळीपाळीने… कळलं… एक सुटला. ताटलीत… नाही, ताटलीत नाही, गळ्यात पडला. असू दे… दुसरा… तू बोलत राहा. गप्प बसलीस की मला काळजी वाटते… नाही, बोलू नकोस, मोजताना चुकतो… तिसरा. चौथा. सुटले… आता गिअरबॉक्स मागे. वीतभर. जॅकला चाकं आहेत, सरकतो… सरकला. तेल गळलं थोडं. कशावर?… कशावर म्हणजे, खाली अंथरलंय ना काहीतरी. जुनंच आहे… निळ्या फुलांचं आहे, पण जुनं आहे… ती पाहुण्यांसाठी होती? मला वाटलं… आपल्याकडे पाहुणे कुठे येतात एवढे? बरं, ते नंतर.”

काकांनी हात फटीत घातला. नवा डबा बोटांना लागला, गार आणि गुळगुळीत. तो हलका फिरवला तर फिरला.

“फिरतोय. घासत नाहीये… नाही, कुठेही अडत नाही… म्हणजे पंप शाबूत आहे? असेल? असेल म्हणजे काय, आहे म्हण ना… बरं. आता फिरवत आत… फिरवतोय… जोर नाही लावायचा, हो… मोजे? मध्येच मोज्यांचं काय? हो, वेगवेगळे आहेत. एक निळा, एक तपकिरी. तू नसलीस की जोड्या मोडतात… बरोबर ओळखलंस. पस्तीस वर्षांत ओळखू येणारच, त्यात काय… थांब हं. थांब. काहीतरी लागलं. डावीकडे जरासा… नाही. उजवीकडे… अगं, हात भरून आला… नाही, सोडत नाही… फोन घसरला. फोन घसरला छातीवरून. ऐकू येतंय का? खाली पडलाय, कानापासून लांब आहे, मोठ्याने बोल… मी मोठ्यानेच बोलतोय… हळू हळू… जरासं उचलून आत…”

खट्.

त्यानंतर शेडमध्ये इतकी शांतता झाली की तेलाचा थेंब चादरीवर पडल्याचाही आवाज आला. कुत्रासुद्धा गप्प होता.

“ऐकलंस?… ऐकलंस तू? मीही ऐकला. डबा बोटभर आत गेला. अगदी बोटभर, ती फट होती ना, तेवढाच… तिसरा. हा तिसरा. आता गिअरबॉक्स पुढे… हाताने, हो, पाना बाजूला ठेवलाय… सरकतोय… सरकतोय… टेकला. अगं, टेकला. फट नाही. नखही जात नाही आता… डबा फिरवून बघू? थांब, खालच्या झरोक्यातून… फिरतोय, मोकळा फिरतोय. आणि इंजिनाच्या बाजूच्या प्लेटमध्ये न् त्याच्यात काडेपेटीची काडी जाईल एवढी जागा आहे… एवढीच पाहिजे? तू काय पाठ करून बसलीयस का?… बोल्ट लावतो. आठही. नुसते हाताने, आवळत नाही… एक. गळ्यातला घेतला आधी. दोन…”

बोल्ट लावता लावता काका गुणगुणायला लागले होते. त्यांच्या ते लक्षात आलं तेव्हा ते थांबले आणि थोड्या वेळाने परत सुरू झाले. आठवा बोल्ट लागल्यावर त्यांनी सुखाने डावा पाय ताणला.

“झाले आठ. आता मी जरा… काय? पाय आवर? कशाला?… डाव्या पायाशी काय आहे?… तेलाचा डबा? हो, तिथेच ठेवला होता मी, उघडाच आहे, लाथ बसली असती की… अगं, थांब. तो डबा मला इथून दिसत नाही. तुला कसा…”

काका हलायचे थांबले. मग त्यांनी मान शक्य तेवढी वाकवून पायांकडे बघायचा प्रयत्न केला. मोटारीच्या पोटाखालून त्यांना जेवढं जग दिसत होतं त्यात त्यांचे दोन पाय होते, एक निळा, एक तपकिरी. आणि त्यांच्या पलीकडे आणखी चार. दोन पायांत बायकोच्या चपला होत्या, उजव्या चपलेचा पट्टा नेहमीसारखा एक भोक ढिला. शेजारचे दोन काळ्या बुटांत होते, आणि त्या बुटांच्या बाजूला एका लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक जमिनीवर टेकलेलं होतं.

“…तू ताईंकडे नाहीयेस… दुपारच्या गाडीने आलीस. अच्छा. आणि तो… डॉक्टरही. अच्छा… केव्हापासून?… पहिल्यापासून. म्हणजे ते यंत्राचं पोट वगैरे, त्याच्यापासून?… त्यानेही ऐकलं… औषधाच्या बाटल्यासुद्धा?… अच्छा… तरीच म्हटलं, तुला प्लेट, पंप, तीन खट्… तो तुझ्या कानात सांगत होता… मग फोन कशाला केलास? नुसती हाक मारायचीस ना. पाय धरून बाहेर काढायचंस… काय?”

पलीकडचं बोलणं आता फोनमधूनही येत होतं आणि पायांच्या बाजूनेही. फोनमधलं किंचित उशिरा. त्यामुळे काकांना ते वाक्य दोनदा ऐकू आलं.

“‘बाहेर काढलं असतं तर तुम्ही परत आत गेला नसतात.’… हं… नसतो गेलो. खरं आहे… नाही, काही नाही. डोळ्यात तेल गेलं… डॉक्टर काय म्हणतोय?… बोल्ट मीच आवळायचे? मीच?… आणि तेल तो मोजून घालणार. संध्याकाळी एक चक्कर मारून चाळीसला नेऊन बघणार… ठीक आहे. चक्कर मारताना मी मागे बसेन… त्याने दिलेला तो कागद? आहे माझ्याकडे. परत नको मागू म्हणावं, त्याच्या मागे मी कुठला बोल्ट कुठे जातो त्याचा नकाशा काढलाय. त्याच्यावरच चाललंय सगळं… हसतोय का तो? त्याला हसताना कुणी पाहिलेलं नाही… आजींना कळव, नऊला या म्हणावं. साडेआठला येतील त्या, माहीत आहे… हो, येतो बाहेर. येतोच… येत नाहीये. पाठ आखडलीय. असं करा, तुम्ही दोघं एकेक पाय धरा. तू निळा घे. डॉक्टरला तपकिरी दे, त्याला भोक आहे… हळू… थांब, थांब, ओढू नका. आधी एक काम कर. तेवढा फोन तुझ्या बाजूने ठेव. माझं नाक पोचत नाहीये.”